बोकड काट्यावर उभा करा

महाराष्ट्रातून लोकसभेत गेलेल्या ४८ आणि राज्यसभेत गेलेल्या १९ सदस्यांना,



मी मूळची भूम तालुक्यातली. तेव्हाचा उस्मानाबाद, आताचा धाराशिव जिल्हा. लग्न होऊन दिल्लीकडे आले त्याला अडतीस वर्षं झाली. नवऱ्याची फरिदाबादच्या कारखान्यातली नोकरी संपली तेव्हा पीएफच्या पैशांतून आम्ही हरियाणाच्या नूह जिल्ह्यात, तावडूच्या बाजूला दोन किल्ले जमीन घेतली. इकडे एकराला किल्ला म्हणतात. अरवलीच्या पायथ्याची ही जमीन खडकाळ आहे आणि पाणी खोल जाऊन खारट लागतं. गव्हाचं एक पीक कसंबसं निघतं. म्हणून शेळ्या पाळल्या. आज बावीस शेळ्या आहेत, पैदाशीचा एक बोकड आहे आणि वर्षाला दहा-बारा बोकड आम्ही मटणासाठी विकतो. त्यावर घर चालतं.

हे पत्र तुम्हाला लिहिण्याचं कारण असं की संसद भवनापासून माझा गोठा दीड-दोन तासांवर आहे. नूह जिल्हा राष्ट्रीय राजधानी क्षेत्रातच मोडतो. ज्या अडचणीबद्दल मी सांगणार आहे ती इथं जशी आहे तशीच भूममध्ये, सांगोल्यात, धुळ्यात आहे, आणि तिची किल्ली बरीचशी दिल्लीत आहे. मनातलं मला मराठीतच नीट सांगता येतं, आणि तुम्हाला ते दुभाष्याशिवाय कळेल.

गेल्या हिवाळ्यातली गोष्ट. नेहमीचा व्यापारी आला. कडुनिंबाला बांधलेल्या खच्ची बोकडाच्या कमरेवर, शेवटच्या बरगडीच्या मागे, त्यानं अंगठा आणि बोटं रोवली. शेपटीच्या मुळाशी चिमटा घेऊन चरबी पाहिली, ओठ वर करून दात पाहिले आणि म्हणाला, "बाईस." म्हणजे बावीस किलो. चारशे रुपये किलोनं आठ हजार आठशे. मी नवऱ्याला म्हटलं, थांबा. घरात माणसांचं वजन करायचा काटा होता तो अंगणात आणला, खाली फरशी ठेवून सपाट केला. नवरा एकटा उभा राहिला: साडेसत्तर. मग बोकडाला कवेत घेऊन उभा राहिला. बोकड पाय झाडत होता, आकडा नाचत होता. मी बोकडाच्या डोळ्यांवर हात ठेवला तेव्हा तो शांत झाला आणि आकडाही स्थिरावला: नव्याण्णव. साडेअठ्ठावीस किलोचा बोकड. म्हणजे अकरा हजार चारशे रुपये.

व्यापारी चिडला नाही, हसलाही नाही. घरचा काटा घरच्यांसाठी, इतकंच म्हणाला. त्या आठवड्यात भुशाचे पैसे द्यायचे होते आणि दुसरा व्यापारी पंधरा दिवस येणार नव्हता. बोकड नऊ हजारांना गेला.

एका बोकडामागे जवळजवळ अडीच हजार रुपये. दहा-बारा बोकडांचा हिशेब तुम्हीच करा. माझ्या कळपाचा वर्षाचा भुसा, जंताचं औषध आणि पत्र्याची डागडुजी एवढ्यात होते. ही रक्कम आमच्याकडून कुणी चोरून नेत नाही. आमच्या डोळ्यांदेखत, आमच्याच अंगणात, आमच्या संमतीनं ती जाते, कारण बोकडाचं वजन किती हे ठरवायचा अधिकार आमच्याकडे नाही.

माझी आई शिकलेली नव्हती. तिच्या दारात काळ्याभोर उस्मानाबादी शेळ्या होत्या, लांब कानांच्या, एका वेताला दोन करडं देणाऱ्या. आई बोकडाला दोन्ही हातांनी उचलायची, छातीशी धरायची, एक श्वास घ्यायची आणि सांगायची, "विसाच्या पुढं हाय." हेड्याशी, म्हणजे जनावरांच्या व्यापाऱ्याशी, वडील त्याच भरवशावर बोलायचे. हेडा रुमालाखाली हात घालून बोटांनी भाव करायचा, पण तो पुरुषांशी. आईच्या हातात त्यानं रुमाल कधी धरला नाही. तिच्या शेळ्यांचा सौदा माझे वडील करायचे आणि आई चुलीपाशी बसून ऐकायची. शेळ्यांचं बाळंतपण तिनं केलेलं असायचं, पाला तिनं आणलेला असायचा, आणि वजनही तिलाच माहीत असायचं.

इथं माझ्या शेजारी मेव मुस्लिम समाजाचं कुटुंब राहतं. तिथल्या सुनेला मी भाभी म्हणते, ती मला दीदी म्हणते. मला बरबरी शेळीची ओळख तिनं करून दिली. पांढऱ्या अंगावर तांबूस ठिपके, नळीसारखे उभे आखूड कान, हरणासारखी चाल. उंच चढून पाला खाण्याचा हट्ट नाही, बांधून ठेवली तरी दूध देते, आणि बहुतेक वेळा जुळी. पहिल्या हिवाळ्यात माझी एक शेळी रात्री दोन वाजता अडली. करडाचा एकच पाय बाहेर होता. भाभीनं कोपरापर्यंत हात साबणानं धुतले, तेल लावलं, डोळे मिटले आणि आतल्या आत दुसरा पाय शोधून सरळ केला. मी कंदील धरून उभी होते. करडू बाहेर आलं ते निपचित. तिनं त्याच्या नाकातला चिकटा बोटानं काढला, मागचे पाय धरून दोनदा झुलवलं आणि गोणपाटानं खसाखसा चोळलं. ते शिंकलं. त्या करडाला दीड वर्षानं विकताना वजन नजरेनं ठरलं. मला ते अजून सलतं.

तुम्ही म्हणाल, व्यापाऱ्याला देऊच नका, स्वतः मटण विका. हाच माझ्या पत्राचा गाभा आहे, म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

बोकडाच्या जिवंत वजनाच्या साधारण ४५ ते ५० टक्के मटण निघतं. साडेअठ्ठावीस किलोच्या बोकडाचं तेरा-चौदा किलो. शिवाय मुंडी, पाये, कलेजी, वजडी. गुरुग्रामच्या सोसायट्यांमध्ये राहणारी माणसं घरच्या पाल्यावर वाढलेल्या बोकडाच्या मटणाला दोन पैसे जास्त द्यायला तयार आहेत. मला स्वतःला कितीतरी जणांनी विचारलंय. पण कापायचा कुठं? १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली २००१ मध्ये कत्तलखान्यांचे नियम झाले. नगरपालिकेच्या हद्दीत मान्यताप्राप्त किंवा परवाना असलेल्या कत्तलखान्याबाहेर जनावर कापता येत नाही. गाभण जनावर नाही, तीन महिन्यांच्या आतलं नाही, तीन महिन्यांच्या आतलं पिल्लू असलेली आई नाही, आणि पशुवैद्यानं तपासून दाखला दिल्याशिवाय कुठलंच नाही. हे नियम मला पटतात. एका तासात बारापेक्षा जास्त जनावरं तपासायची नाहीत असंही त्यात लिहिलंय. म्हणजे प्रत्येक जनावराला पाच मिनिटं. माझ्या एकाही बोकडाला विकताना कुणा डॉक्टरची पाच मिनिटं मिळालेली नाहीत. मिळावीत असं मला फार वाटतं.

अन्न सुरक्षा प्राधिकरणाचे, एफएसएसएआयचे, २०११ चे नियमही मी नातवाकडून वाचून घेतले. दिवसाला दहापर्यंत लहान जनावरं किंवा पन्नास कोंबड्या कापणारा व्यवसाय त्यात छोट्या नोंदणीत बसवलाय, मोठ्या परवान्याची गरज नाही. वाचून मला इतका आनंद झाला की मी भाभीला हाक मारून बोलावलं. दिल्लीत बसलेल्या कुणीतरी आमच्यासारख्यांचा विचार केला होता! मग चौकशीला लागलो. नोंदणी होईल, पण कत्तलखान्याची जागा दाखवा. जागेला स्थानिक संस्थेचं ना-हरकत पत्र दाखवा. तपासायला पशुवैद्य दाखवा. सांडपाण्याची सोय दाखवा. एका कार्यालयातून दुसऱ्यात गेलो. तिथल्या माणसांनी पाणी विचारलं, बसायला खुर्ची दिली, पण असं काम आपल्या टेबलावर येतं का हे तिथं कुणालाच ठाऊक नव्हतं. नियमात दहा बोकडांसाठी दार ठेवलंय आणि त्या दारापर्यंत जाणारा रस्ताच कुणी बांधलेला नाही.

याचं मूळ मला राज्यघटनेच्या दोन परिशिष्टांत दिसतं, आणि हे मी तुम्हाला सांगणं म्हणजे लहान तोंडी मोठा घास आहे हे मला कळतं. त्र्याहत्तराव्या दुरुस्तीनं जे अकरावं परिशिष्ट आलं त्यात पंचायतींकडच्या २९ विषयांत पशुसंवर्धन, दुग्धव्यवसाय आणि कुक्कुटपालन आहे. चौऱ्याहत्तराव्या दुरुस्तीनं आलेल्या बाराव्या परिशिष्टात नगरपालिकांकडच्या १८ विषयांत अठरावा विषय आहे कत्तलखाने आणि कातडी कमावण्याच्या जागा यांचं नियमन. जनावर वाढवणं गावाकडे आणि कापणं शहराकडे. गावाला बंदी आहे असा याचा अर्थ नाही, पण पैसा, माणूस आणि इमारत त्या यादीमागूनच जाते. गावात पशुवैद्यकीय दवाखाना झाला, कत्तलीची स्वच्छ जागा झाली नाही. म्हणून बोकड शहराकडे जातो, आणि जाताना मधल्या प्रत्येक हातात थोडा थोडा झिजतो.

शहरात काय आहे तेही मी पाहून आलेय. दिल्लीचा जुना ईदगाहचा कत्तलखाना बंद होऊन २००९ मध्ये गाझीपूरला नवा, यंत्रांचा सुरू झाला. त्याच्या जवळच कोंबड्यांची आणि माशांची मंडई आहे आणि डोक्यावर कचऱ्याचा डोंगर. जानेवारी २०२१ मध्ये बर्ड फ्लूच्या भीतीनं ती कोंबडी मंडई बंद झाली तेव्हा आमच्या तालुक्यात परसातल्या कोंबड्यांचं गिऱ्हाईक रातोरात नाहीसं झालं. आमच्या कोंबड्या त्या मंडईत कधी गेल्याही नव्हत्या. सगळ्या महानगराचं मटण एका टोकाला बांधून ठेवलं की त्या टोकाला ठेच लागल्यावर शंभर किलोमीटरवरचं अंगण दुखतं. पलीकडे उत्तर प्रदेशात मार्च २०१७ मध्ये बेकायदा कत्तलखान्यांवर कारवाई झाली आणि गाझियाबाद, नोएडापर्यंत दुकानं बंद पडली. तेव्हा अलाहाबाद उच्च न्यायालयानं सरकारला परवान्यांचं आणि सोयींचं काम करायला सांगितलं होतं. बेकायदा जागा बंद व्हायलाच हव्यात. पण कायदेशीर जागा आधी उभी राहिली नाही तर बंदी पडते ती जनावर पाळणाऱ्यावर.

आता रस्त्याबद्दल. हे लिहावं की नाही यावर मी आठ दिवस विचार केला.

दोन वर्षांपूर्वी चार बोकड छोट्या हत्तीत घालून आम्ही निघालो. गाडी भाभीचा दीर चालवत होता, बावीस वर्षांचा मुलगा. पशुवैद्याचा प्रवासाचा दाखला होता. प्रत्येक बोकडाला नियमाप्रमाणे ०.३ चौरस मीटर जागा होती, खाली पेंढा होता. एका नाक्यावर गाडी अडवली. अडवणाऱ्यांतले सगळे गणवेशात नव्हते. त्यांनी मुलाचं नाव विचारलं आणि त्याला खाली उतरवलं. हरियाणाचा २०१५ चा कायदा गोवंशाच्या रक्षणाचा आहे. बोकडांचा त्याच्याशी काही संबंध नाही. मी ते सांगत होते, पण माझ्याकडे कुणी पाहत नव्हतं. दोन तास गेले. उन्हात बोकडांच्या तोंडाला फेस आला. शेवटी एक वयस्क माणूस पुढे आला, त्यानं माझ्या कपाळाकडे पाहिलं आणि विचारलं, "माताजी, बकरे आपके हैं?" मी हो म्हटलं. गाडी सोडली.

मी कुंकू लावते म्हणून माझे बोकड पुढे गेले. भाभीचे बोकड कुणी पुढे न्यायचे? तेव्हापासून तिचे बोकड ती अंगणातच विकते, जो येईल त्याला, तो म्हणेल त्या वजनाला. त्या मुलानं गाडी चालवणं सोडलं. तो आता मानेसरला गोदामात काम करतो.

जनावर जितकं लांब जाईल तितकं ते सोसतं, त्याचं वजन घटतं, त्याच्याबरोबरचा माणूस भीतीत राहतो आणि पैसा दुसऱ्याच्या खिशात जातो. मला एवढंच मागायचंय की हे अंतर कमी करा.

हे होऊ शकतं हे मला माहीत आहे, कारण गुरुग्राममध्येच याहून अवघड गोष्ट झालेली आहे. १९६७ मध्ये विनोद कपूर यांनी तिथं केगफार्म्स सुरू केली. नव्वदच्या दशकात त्यांनी 'कुरॉयलर' नावाची कोंबडी आणली. गावठीसारखी परसात उकिरडा टोकरून जगणारी, पण लवकर भरणारी. ब्रॉयलरच्या मोठ्या शेडवाल्यांशी स्पर्धा न करता त्यांनी बाईच्या अंगणाचा विचार केला. एक दिवसाची पिल्लं आधी खेड्याजवळच्या छोट्या केंद्रांवर काही आठवडे वाढवायची, लसी तिथंच टोचायच्या, आणि मग सायकलवरच्या फेरीवाल्यांनी टोपल्यांतून ती दारोदार न्यायची. बंगालपर्यंत ही साखळी गेली, पुढे आफ्रिकेत युगांडातही ती कोंबडी पोचली. पिल्लू बाईच्या दारात पोचवायची वाट ज्यांना सापडली त्यांच्याच शहराच्या शेजारी मोठी झालेली कोंबडी आणि बोकड दारातून बाहेर न्यायची सरळ वाट अजून नाही.

संशोधनही कमी झालेलं नाही. मथुरेजवळ मखदूमला १९७९ पासून शेळ्यांची केंद्रीय संशोधन संस्था आहे. माझ्या नवऱ्यानं तिथलं प्रशिक्षण घेतलंय आणि आमच्या गोठ्यातली करडांची मरतूक त्यानंतर निम्म्यावर आली. आपल्या फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेनं 'नारी सुवर्णा' ही जुळी देणारी मेंढी तयार केली. जन्माच्या बाजूला शहाणी माणसं आयुष्य घालवून बसली आहेत. शेवटाच्या बाजूला व्यापाऱ्याचा अंगठा आहे.

मग सरकारची योजना. राष्ट्रीय पशुधन अभियानात शेळीपालनाच्या उद्योगाला ५० टक्के भांडवली अनुदान आहे, पन्नास लाखांपर्यंत. फार मोठी मदत आहे. पण सर्वांत लहान गट शंभर शेळ्या आणि पाच बोकडांचा. भाभीकडे नऊ शेळ्या आहेत. माझ्या आईकडे कधी सहाच्या वर नव्हत्या. २०१९ च्या पशुगणनेत देशात १४ कोटी ८८ लाख शेळ्या मोजल्या गेल्या, आणि त्यांतल्या बहुतेक अशाच दोन-चार-दहाच्या गटांत, बाईच्या हाताखाली आहेत. त्यांच्यापैकी कुणाला शंभर शेळ्या नकोत. शंभर शेळ्यांना लागणारा पाला आमच्या टेकडीवर नाही. नऊ शेळ्यांचे पुरते पैसे मिळाले तर भाभीला पुरेत.

म्हणून माझी विनंती अशी. जिथं जनावरांचा बाजार भरतो तिथं, प्रत्येक बाजारात, वजनमापे खात्याचा शिक्का असलेला काटा असावा, शेळीला उभं राहता येईल असा कठडा लावलेला, आणि आकडा दोन्ही बाजूंनी दिसावा. कांदा-बटाटा काट्याशिवाय विकला जात नाही. बोकड का जावा? ज्याला नगावर सौदा करायचाय त्यानं करावा, पण आधी आकडा पाहून. याला फार पैसा लागत नाही, कायदाही नवा लागत नाही.

दुसरी गोष्ट मोठी आहे. प्रत्येक तालुक्यात एक छोटी, कायदेशीर कत्तलीची जागा. दिवसाला दहा बोकडांची. पाण्याची सोय, फरशी, टांगायचे हूक, रक्ताचा वेगळा खड्डा, थंड पेटी, कसबी आणि परवाना असलेला खाटीक, आणि आठवड्यातून दोन दिवस ठरलेल्या वेळी पशुवैद्य. पाळणाऱ्यानं आपलं जनावर आणावं, ठरलेली मजुरी द्यावी आणि शिक्का मारलेलं मटण स्वतःचं म्हणून विकावं. तालुक्याला इमारत बांधणं जड जात असेल तर गाडी फिरवा. अमेरिकेत वॉशिंग्टन राज्याच्या लोपेझ बेटावरच्या छोट्या शेतकऱ्यांनी २००२ मध्ये हेच केलं: त्यांच्या बेटांवर कत्तलखाना नव्हता, म्हणून सहकारी संस्था काढून चाकांवरचा कत्तलखाना आणला, सरकारी तपासनीस त्याच्याबरोबर शेतावर येऊ लागला. आपल्याकडेही १९६२ नंबर फिरवला की फिरता पशुवैद्यकीय दवाखाना येतो. आजारी शेळीसाठी गाडी येऊ शकते तर निरोगी बोकडासाठीही येऊ शकेल. अभियानातल्या अनुदानाची खालची पायरी शंभरावरून दहावर आणा, किंवा दहा-दहा शेळ्यांच्या दहा बायकांना मिळून एक गट धरा. तो पैसा गोठ्याच्या खांबांऐवजी या जागेला लावायची मुभा द्या.

तुमच्यातले कितीतरी जण शाकाहारी असतील. तुमच्यापैकी कुणाला हे पत्र वाचताना त्रास झाला असेल तर मला तो समजतो. मीही विक्रीच्या बोकडांना नाव ठेवत नाही. शेळ्यांना ठेवते: चंद्रा, तांबडी, म्हैसाळ. बोकडांना नाही. बोकड जायच्या आदल्या संध्याकाळी मी त्याला बोरीचा पाला घालते, आणि ताजी फांदी त्याच्यासमोर धरून उभी राहते, कारण खाली टाकलेला पाला बोकड हुंगून सोडून देतो. हातातून मात्र शेवटच्या पानापर्यंत खातो. मला माहीत असतं की उद्या तो जाणार आहे. मला हे माहीत नसतं की कुठं, किती तास उभा राहून, किती जणांच्या पायांत तुडवला जाऊन. जवळच्या जागी, डॉक्टरनं पाहून, एका कसबी हातानं त्याचा शेवट झाला तर मला ते सोसवेल. ज्याला मांस नको असेल त्यालाही जनावराचे हे मधले हाल नकोच असतील, असा माझा विश्वास आहे.

एकदा मनासारखा सौदा झाला तेही सांगते. २०२५ ची बकरी ईद ७ जूनला होती. त्याच्या दहा दिवस आधी फरिदाबादचं एक कुटुंब विचारत विचारत आमच्या दारात आलं. जामा मशिदीजवळच्या बाजारातली गर्दी त्यांना नको होती. आजोबांनी बोकडाचे दोन दात पाहिले, म्हणजे वर्ष पुरं झालेलं. शिंगं मुळापासून शाबूत आहेत ना, डोळे, कान, चारही पाय नीट आहेत ना, हे हात लावून पाहिलं. मग म्हणाले, वजन करू या. तोवर मी ताणकाटा घेतला होता. बोकडाच्या पोटाखालून गोणपाटाची झोळी घातली, बांबू आडवा धरला, एका टोकाला माझा नवरा आणि दुसऱ्या टोकाला त्यांचा मुलगा. एकतीस किलो दोनशे ग्रॅम. आजोबांनी आकडा स्वतः वाचला, मी वाचला, त्यांच्या सात-आठ वर्षांच्या नातीनंही टाचा उंचावून वाचला. घासाघीस झाली ती दरावर, वजनावर नाही. ती मुलगी जाईपर्यंत बोकडाला हातानं पाला भरवत होती. इतक्या वर्षांत ज्या सौद्यानंतर मी रात्री नीट झोपले असा हा एक.

भूमचे बोकड आजही ट्रकनं देवनारला जातात. १९७१ पासूनचा तो कत्तलखाना, साडेतीनशे किलोमीटरच्या वर अंतर. जगाच्या पुस्तकांत ज्या जातीला आमच्या जिल्ह्याचं नाव आहे, तिचा बोकड त्या जिल्ह्यातल्या बाईला काट्यावर चढवून विकता येत नाही. पुण्यात शेळी-मेंढीचं आपलं महामंडळ आहे, अहिल्यादेवींच्या नावाचं. तुम्ही ठरवलंत तर पहिल्या दहा तालुक्यांतल्या जागा महाराष्ट्रात होतील आणि मग मी इथल्या पंचायतीला त्या दाखवीन. पशुसंवर्धनाच्या मागण्यांवर लोकसभेत चर्चा होते तेव्हा आपल्यातल्या कुणीतरी एकानं उभं राहून दहा बोकडांचा हा प्रश्न विचारावा. उत्तर लेखी आलं तरी चालेल.

आमच्या गोठ्याच्या भिंतीवर मी खडूनं वजनं लिहिते. जन्माचं, तीन महिन्यांचं, सहा महिन्यांचं. भाभीनंही तिच्या भिंतीवर लिहायला सुरुवात केलीय. तिला आकडे येतात, अक्षरं येत नाहीत, म्हणून प्रत्येक करडाच्या आकड्यापुढे ती त्याच्या अंगावरच्या ठिपक्यांचं चित्र काढते. वजनं आम्ही शनिवारी सकाळी घेतो, चरायला सोडायच्या आधी. अधिवेशनाच्या काळात एखाद्या शनिवारी या. सोहन्यावरून रस्ता चांगला आहे. माझ्या नवऱ्याचा खांदा हल्ली दुखतो, बांबूचं दुसरं टोक धरायला माणूस लागतोच.

तुमची,
भूमची एक लेक, सध्या तावडूजवळ, जिल्हा नूह